जावास्क्रिप्टमध्ये दडलेला दुवा

समजा, लोकलच्या वेळापत्रकात यादीतून ‘खोपोली’ निवडल्यावरच जावास्क्रिप्ट दोन तुकडे जोडून पुढच्या पानाचा पत्ता तयार करते. शोधयंत्रासाठी पाने गोळा करणारा प्रोग्राम दुवे वाचत पुढे जातो. येथे त्याला पूर्ण पत्ता दिसतच नाही. मग खोपोलीचे पान असूनही शोधात सापडत नाही!

अवतरणचिन्हांतले तुकडे जोडून आपण अंदाज बांधू शकतो. पण नावाची गंमत पाहा. ‘खोपोली’त युनिकोडची ६ चिन्हे, प्रत्येकी ३ बाइट. पत्त्यात त्यांचे टक्केचिन्ह लावलेले १८ गट होतात, जावास्क्रिप्टमध्ये मात्र ६ संकेतांकही चालतात. दोन्ही एकच, हे प्रोग्रामला शिकवावे लागते.

जावास्क्रिप्ट प्रत्यक्ष चालवूनही पाहता येते. गूगल तसे करते, हे त्यांनी २०१४ मध्ये जाहीर केले. त्याला वेळ फार लागतो. शिवाय पान नुसते उघडल्याने यादीतले नाव निवडले जात नाही. म्हणून आम्ही आधी तुकडेच शोधतो.