चुंबळीवरचं ओझं

जुन्या लुगड्याच्या फडक्याला पीळ द्यायचा, त्याचं वेटोळं करायचं आणि सुटं टोक आत खोचायचं, की झाली चुंबळ. सूर्यमाळवरच्या बाईला एवढं करायला पाच-सहा सेकंद पुरतात. मग भरलेला हंडा दोन्ही हातांनी मांडीवर, मांडीवरून छातीशी आणि छातीपासून डोक्यावर. वरची कळशी शेजारीण चढवते. हे होत असताना तिची कंबर पुढे झुकत नाही. ती गुडघ्यांत बसते, पाठ सरळ ठेवून उठते आणि लगेच चालू लागते. वाटेत बोलतेही. कडेवर पोर असलं तर डोक्यावरचा हंडा हातानं धरायचाही राहून जातो.

जिमचे पैसे न भरता अंग चालतं-फिरतं कसं ठेवायचं, याची चौकशी करायला सूर्यमाळइतकी योग्य जागा नाही असं मला वाटलं, ते ही उचल पाहून. कसाऱ्याहून विहीगाव आणि खोडाळ्यावरून वर आलं की मोखाडा तालुक्यातलं हे पठार लागतं. उंची साधारण १८०० फूट. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांचे पाडे डोंगरउतारावर विखुरलेले. शेत एका अंगाला, विहीर दुसऱ्या, आणि बाजार डोंगराच्या पलीकडे. घरातून कुठंही निघालं तरी आधी चढ तरी लागतो, नाहीतर उतार.

बसून राहण्यानं माणूस आजारी पडतो, हे आपण आता सहज म्हणतो. पण त्याचा पहिला भक्कम पुरावा बसगाड्यांतून मिळाला. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं फाडत जिना चढत-उतरत असलेला. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिलं, की हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांमध्ये ड्रायव्हरांपेक्षा बरंच कमी होतं. कंडक्टर व्यायाम करत नव्हते, नोकरी करत होते. जागतिक आरोग्य संघटना आज प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काम. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांची एवढीही हालचाल होत नाही. सूर्यमाळवर ती १५० मिनिटं सोमवारच्या दुपारीच संपत असतील.

चढाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिच्यात उताराचाही वाटा आहे. चढताना मांडीचे स्नायू आखडून अंग वर ढकलतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असताना भार धरून ठेवतात. म्हणूनच शहरातला माणूस गड चढून दमतो खरा, पण दुसऱ्या दिवशी त्याच्या मांड्या धरतात त्या उतरण्यानं. ऑस्ट्रियात काही लोकांना डोंगर फक्त चढायला लावून रोपवेनं खाली आणलं, तर काहींना वर नेऊन फक्त उतरायला लावलं. चढण्यानं रक्तातली ट्रायग्लिसराइड्स ही चरबी घटली, उतरण्यानं साखर पेलण्याची ताकद सुधारली, आणि वाईट कोलेस्टेरॉल दोन्हींनी कमी झालं. तेव्हा गुडघे धड असतील तर इमारतीचा जिना उतरतानाही लिफ्ट टाळावी. तो फुकट गेलेला वेळ नव्हे.

दुसरी शिकण्यासारखी गोष्ट उकिडवं बसणं. सूर्यमाळवर आवणीच्या दिवसांत भाताची रोपं खणताना, नागली बेणताना, चुलीपुढे भाकरी थापताना, एवढंच काय, बाजारात एसटीची वाट पाहतानाही माणसं उकिडवी बसतात. टांझानियातल्या हाडझा लोकांवरचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. शिकार आणि कंदमुळांवर जगणारे हे लोकही दिवसाचे जवळजवळ दहा तास स्वस्थ असतात, म्हणजे आपल्या कचेरीतल्या माणसाइतकेच. फरक एवढा, की त्यातला बराच वेळ ते उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसतात, आणि तसं बसलं की पायांचे स्नायू खुर्चीतल्यासारखे झोपी जात नाहीत. विश्रांतीतही अंग जागं राहतं. ब्राझीलच्या क्लाउदिओ जील आराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांना जमिनीवर बसायला आणि हाताचा आधार न घेता उठायला सांगितलं. ज्यांना ते जमत नव्हतं त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतले मृत्यू बरेच जास्त निघाले. माझ्या ओळखीची साठीची माणसं सोफ्यावरून उठतानाही दोन्ही हात टेकतात. इथं साठीच्या आज्या तांदूळ पाखडून झाला की सूप हातात घेऊनच उठतात.

इथवर लिहून थांबलो असतो, तर हा लेख खोटा ठरला असता.

डोक्यावरच्या ओझ्याचाही नेमका अभ्यास झालेला आहे. केनियातल्या लुओ बायका हे वजन कसं पेलतात, याचं मोजमाप १९८६ साली ‘नेचर’मध्ये आलं. स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं डोक्यावर घेऊन चालताना त्यांच्या शरीराला जादा ऊर्जा लागतच नव्हती. पुढच्या अभ्यासात कारण सापडलं. चालताना आपलं शरीर लंबकासारखं झुलतं आणि एका पावलाची शक्ती पुढच्या पावलाला मिळते. डोक्यावर ओझं असताना या बायकांचं हे झुलणं आणखी कसदार होतं. लहानपणापासूनच्या सवयीनं देहानं शिकलेली ही विद्या आहे.

आता हिशेब मांडू. बाई ४५ किलोची धरली, तर २० टक्के म्हणजे ९ किलो. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन. १५ लिटरचा एकच हंडा ती मर्यादा ओलांडून पुढे जातो, धातूचं वजन वेगळंच, आणि वर कळशी. ९ किलोंच्या पुढच्या प्रत्येक किलोची किंमत तिचं शरीर मोजतं. उन्हाळ्यात विहिरी आटतात, झऱ्याशी रात्री नंबर लावावे लागतात, आणि मग फेऱ्यांची गणती उरत नाही. मान आणि कंबर यांचं दुखणं कुणी वेगळं सांगत नाही. एका आजीला मी विचारलं, “दुखतं का?” तिनं उत्तर दिलं, “दुखंल ना, पण पाणी तर पायजे.”

खरा प्रश्न ताटातला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली आखून दिलेल्या प्रमाणानुसार बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० किलोकॅलरी लागतात, आणि जड कष्ट करणारीला २७२०. म्हणजे हजाराहून अधिक कॅलरींचा फरक. माळावरच्या किती ताटांत तो भरून निघतो? नागलीची भाकरी फार गुणाची. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तर तेवढ्या तांदळात दहासुद्धा नाही. पण भाकरीसोबत डाळ हवी, तेल हवं, पोटभर हवं. याच टापूत, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत, १९९२-९३ साली कुपोषणानं मुलं दगावली तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. त्या मुलांच्या आया दिवसभर चालणाऱ्या, चढणाऱ्या, ओझं वाहणाऱ्याच होत्या. हालचालीची उणीव त्या घरांत नव्हती.

कष्ट आणि व्यायाम यांतला फरक मला इथं कळला. स्नायू काम करताना वाढत नाही, तो काम झाल्यावर वाढतो, खाऊन आणि झोपून. श्रमानं त्याच्यात बारीक चिरा पडतात, आणि अन्नातलं प्रथिन व रात्रीची झोप त्या भरून काढतात. भरपाई झाली तर तो व्यायाम, नाही झाली तर ती झीज. आज पुरे, असं म्हणायची मुभा व्यायामात असते. हंड्यात ती नसते.

मोखाड्याला लागून असलेल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलजवळ सावरपाडा आहे. कविता राऊत तिथली. याच डोंगरांत ती अनवाणी धावत मोठी झाली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं, आणि राष्ट्रकुलात धावपट्टीवर वैयक्तिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्याच वर्षी ग्वांगझौच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, पुढे २०१२ साली अर्जुन पुरस्कार आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव कौतुकाचं आहे, आणि डोंगरानं तिला घडवलं असं आपण अभिमानानं म्हणतो. पाय आणि फुप्फुसं डोंगरानं दिली, हे खरंच. पण त्याच डोंगरात तिच्यासारख्याच चालणाऱ्या शेकडो मुली होत्या. तिला नाशकात विजेंदर सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक मिळाले, सराव आणि विसावा यांचं वेळापत्रक मिळालं. धावण्याला पाठबळ मिळालं तेव्हा पदक आलं.

आणि पाण्याचं काय? याच मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ वैतरणेवर मध्य वैतरणा धरण उभं आहे, १०० मीटरहून उंच, २०१४ पासून मुंबईला पाणी देणारं. त्याच नदीवर खाली मोडकसागर १९५७ पासून आहे. मुंबईच्या जिममध्ये घाम गाळून माणूस ज्या पाण्यानं अंघोळ करतो, ते याच डोंगरांतून गेलेलं असतं. तिथं नळ सोडला की ते येतं, इथं ते डोक्यावरून येतं. पाड्यावर नळ आला तर इथल्या बायका आळसावतील अशी भीती मी शहरात ऐकली आहे. ते ऐकून मला राग येतो. शेत आहे, चढ आहे, जंगल आहे, अंगाला काम कमी पडणार नाही. वाचलेल्या दोन तासांत ती बाई पाठ टेकेल, आणि तेच तिच्या तब्येतीला हवं आहे.

शहरातल्या वाचकाकडे अन्न आणि विसावा दोन्ही आहे. त्यानं माळावरून फक्त उचल, चढ आणि बैठक घ्यावी. भाजीची पिशवी दोन हातांत सारखी वाटून चालत आणावी. निवडणं-टिपणं जमिनीवर बसून करावं. २०२२ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात, व्यायाम न करणाऱ्या पण रोज तीनदा एक-दोन मिनिटं धाप लागेल असं काहीतरी, जसं झपाट्यानं जिना चढणं, करणाऱ्या माणसांत मृत्यूचं प्रमाण ३८ ते ४० टक्क्यांनी कमी आढळलं. आणि सतरंजीएवढ्या जागेत सूर्यनमस्कार आहेतच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९२० च्या दशकात ते शाळाशाळांत नेले, तेव्हा गरिबालाही परवडेल असा व्यायाम हेच त्यांचं सांगणं होतं.

एक गोष्ट मात्र शहरात नेता येईल की नाही, कोण जाणे. भात कापणीला आला की माळाच्या आसपास तारपा वाजू लागतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, मेणानं बुजवलेले सांधे आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्या तारप्याला संगीत नाटक अकादमीनं सन्मानलं आहे. वादकाचा सूर तुटत नाही. गालात साठवलेली हवा वाजत असतानाच तो नाकानं श्वास घेतो. त्याच्याभोवती बाप्ये-बाया एकमेकांच्या कमरेत हात घालून फेर धरतात, आणि तारप्याकडे पाठ करायची नाही हा नेम असतो. सूर बदलला की पाय बदलतात. गुडघे वाकतात, टाचा आपटतात, झुकून सगळी रांग एकदम उसळी घेते. दमलेला फेरातून निघतो, कडेला बसतो, पाणी पितो, मन झालं की पुन्हा शिरतो. सकाळी हंडा वाहणारीच ती बाई असते, पण इथं थांबणं तिच्या हातात असतं.

दिवाळी झाली की बरीच घरं वसई, भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जगायला जातात. दाराला कडी घालून, कोंबड्या शेजाऱ्याकडे सोपवून. म्हणून या दिवसांतला फेर उशिरापर्यंत चालतो. मी पाहिलेल्या रात्री तो मधेच मोडला, कारण वादकाला भूक लागली होती. कुणीतरी घरातून त्याला भाकरी आणि उडदाची डाळ आणून दिली. ती संपेपर्यंत सगळे वाट पाहत उकिडवे बसून राहिले.