ओळखीचे भांडवल

भांडवल म्हटले की पैसा डोळ्यांपुढे येतो. पण परस्परांवरील विश्वास हेही भांडवलच होय. आपल्या वसईत १९१८ साली मॉन्सिग्नर पी. जे. मोनीस यांनी सहकारी पतसंस्था स्थापन केली; तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. सहकारी पतसंस्थेत तारण नसले तरी जामीनदार उभा राहिला की कर्ज मिळू शकते. शेजाऱ्याचा शब्द हीच गरिबाची पत!

तरुणांना मात्र पैशाइतकीच माहितीची गरज असते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांना १९७३ सालच्या अभ्यासात आढळले, की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना तिची बातमी अधूनमधून भेटणाऱ्या परिचितांकडून कळली होती. कारण उघड आहे. आपल्याला जेवढे ठाऊक, बहुधा तेवढेच आपल्या जिवलगांनाही ठाऊक असते.

माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. आईवडिलांची माया उदंड. पण शिष्यवृत्तीच्या अर्जाचे त्यांनी सांगावे तरी काय? उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत मला सांगितली ती विरार लोकलमध्ये भेटणाऱ्या एका काकांनी. म्हणून माझे शिक्षण चालू राहिले.

असे काका प्रत्येकाला भेटतीलच असे नाही. म्हणून प्रवेशाच्या दिवसांत आपण वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी रोज तासभर नवागतांसाठी बसावे. प्राध्यापकांनी माजी विद्यार्थ्यांशी गाठ घालून द्यावी. हा वशिला नव्हे. वशिल्याने एकाला जागा मिळते नि दुसऱ्याची जाते. माहिती मात्र दिल्याने कमी होत नाही.