वजन किती आणि नाव कुणाचे?
जुना बंद ट्रेलर घेऊ पाहणाऱ्या स्टॉलवाल्या कुटुंबांसाठी

ऑक्टोबरात नागपूर, ६ डिसेंबरला दादर, १ जानेवारीला कोरेगाव भीमा, २० मार्चला महाड आणि १४ एप्रिलला आपापले गाव. पुस्तके, तसबिरी, दिनदर्शिका, पंचशील ध्वज आणि मूर्ती घेऊन वर्षभर अशी फेरी करणारी कुटुंबे आपल्या वाचकांत पुष्कळ आहेत. भाड्याच्या उघड्या टेम्पोत ताडपत्री बांधून माल न्यायचा, टेम्पोवाला माल उतरवून निघून गेला की रात्रभर त्या ढिगाशेजारी घरातल्या कुणीतरी जागायचे, पहाटेच्या दवाने वरची पुस्तके ओली झाली की ती निम्म्या किमतीत काढायची, हे त्यांना नवे नाही. भाडे वाढते, नफा आहे तिथेच राहतो.

म्हणून अलीकडे एक विचारणा आमच्या कानावर वारंवार येते. “घरात जुना पिकअप आहे. एक जुना बंद ट्रेलर स्वस्तात मिळतोय. मागे जोडला तर माल कोरडा राहील, रात्री कुलूप लागेल, आणि जागेवर तोच दुकान होईल. घ्यावा का?” विचार चांगला आहे. पण या खरेदीत बहुधा महिलांच्या बचतगटाचे कर्ज असते, मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले असते, थोरल्या भावाच्या फंडातले काही असते. तेव्हा आम्ही चार गॅरेजे पालथी घातली, मिस्त्री आणि ड्रायव्हर मंडळींशी बोललो, कायद्याची पाने चाळली. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिली गोष्ट अशी की ट्रेलर ही नुसती चाके लावलेली पेटी नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. त्याला स्वतःचे इंजिन नाही, तरी त्याला स्वतःची नोंदणी लागते, स्वतःचा चेसिस नंबर लागतो आणि स्वतःचे आरसी पुस्तक लागते. पिकअपचा विमा आहे म्हणजे मागचा ट्रेलरही त्यात आला, असे कुणी समजू नये. विमापत्रात ट्रेलरचा वेगळा उल्लेख हवा. एखाद्या वेल्डिंगवाल्याने भंगारातला एक्सल आणि लोखंडी अँगल जोडून बनवलेली, नंबर नसलेली पेटी कितीही मजबूत दिसली आणि कितीही स्वस्त मिळाली, तरी तिच्याकडे पाठ फिरवावी. रस्त्यात कुणाला तिचा धक्का लागला तर नुकसानभरपाई घर विकून द्यावी लागेल.

दुसरे, आपला पिकअप ओढण्यासाठी बनला आहे का? आपल्याकडचे बहुतेक छोटे पिकअप पाठीवर वाहण्यासाठी बनवलेले असतात. मागे किती वजन ओढता येईल हे कंपनीच्या पुस्तिकेत दिले असेल तरच पुढचा विचार करावा. दिले नसेल तर चेसिसला हूक वेल्ड करून घेऊ नये. गाडीच्या मूळ बांधणीत आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल करण्यास कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले आहे. आरटीओत आधी विचारावे, मगच गॅरेजात जावे.

आमचे स्पष्ट मत विचाराल तर ज्या कुटुंबाला महिन्यातून आठ-दहा दिवस रस्त्यावर राहायचे आहे, त्याने ट्रेलरच्या नादी न लागता बंद बॉडीचाच जुना पिकअप पाहावा. एकच गाडी, एकच विमा, एकच आरसी, आणि मागे घेताना मान मोडत नाही. पेटी एका जागी पंधरा दिवस सोडून पिकअप दुसऱ्या कामाला न्यायचा असेल, त्यालाच ट्रेलर परवडतो. अशी कुटुंबेही आहेत, म्हणून पुढचे सांगणे. त्यातले बरेचसे बंद पिकअपलाही लागू आहे.

माल पाहायला दिवसाउजेडी जावे आणि आपला मिस्त्री बरोबर न्यावा. विकणाऱ्याने सुचवलेला मिस्त्री नको. नवा रंग दिसला की आधी खाली वाकून पाहावे. रंग पत्र्याला असतो, खरा जीव चेसिसच्या पट्ट्यांत, पाट्यांत आणि वेल्डिंगच्या सांध्यांत असतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने गंज टोचून पाहावा. पापुद्रा निघाला तर ठीक, टोक आत गेले तर उठून घरी यावे. मग आत शिरून दार लावून घ्यावे आणि अंधारात छताकडे पाहावे. जिथून उजेड येतो तिथून पाणीही येते. त्यानंतर बाहेरून चार-पाच बादल्या पाणी छतावर ओतायला सांगावे. विकणारा कां-कू करू लागला तर उत्तर मिळालेच. तळाची प्लायवूडची फळी कोपऱ्यांत दाबून पाहावी, कुजायला तिथूनच सुरुवात होते.

टायरच्या नक्षीवर भुलू नये. ट्रेलर महिनोन् महिने उभा असतो, म्हणून त्याची नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र म्हातारे झालेले असते. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे लिहिले असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. बगलेला बारीक तडे असतील तर नव्या टायरांची किंमत सौद्यातून वजा करावी. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे आणि वर-खाली हलवून पाहावे. खरखर आली किंवा चाक डुगडुगले तर बेअरिंग गेले. हूक आणि त्याची पिन झिजून सैल झाली आहे का, मागचे दिवे आणि ब्रेकचे दिवे पिकअपला वायर जोडल्यावर लागतात का, हे तिथेच पाहावे. “लागतील हो, फ्यूज गेलाय” हे उत्तर घेऊन परत येऊ नये.

आता वजनाचा हिशेब, कारण आपल्या स्टॉलवाल्या मंडळींचा माल कागद आहे आणि कागद फसवा असतो. ७५ ग्रॅमच्या ए-फोर कागदाचे ५०० पानांचे एक रिम सुमारे २ किलो ३४० ग्रॅम भरते. त्या मापाने एक घनफूट गच्च कागद २१ किलोच्या आसपास जातो. समजा पेटी आतून ८ फूट लांब, ५ फूट रुंद आणि ५ फूट उंच आहे. म्हणजे २०० घनफूट. ती पुस्तकांनी छतापर्यंत भरली तर चार टनांवर वजन होईल! टाटांचा जो ‘छोटा हत्ती’ २००५ साली बाजारात आला, त्याची भार वाहण्याची मर्यादाच साधारण ७५० किलो होती. तेवढ्याच कुवतीचा ट्रेलर असेल तर वरच्या मापाच्या पेटीत पुस्तकांचा थर एक फुटाच्याही आत थांबवावा लागतो. बाकीची पेटी रिकामी दिसते, आणि रिकामी जागा पाहून आपला हात थांबत नाही. त्या जागेत झेंडे, कापड, तसबिरींच्या रिकाम्या चौकटी, घडीची टेबले ठेवावीत. आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन आणि भरल्या गाडीचे वजन असे दोन आकडे असतात. दोहोंची वजाबाकी म्हणजे आपला माल. मागाहून कुणी जाड पत्रा, रॅक किंवा शटर बसवले असेल तर त्याचे वजन याच मालातून कापले जाते. शंका असेल तर वजनकाट्यावर पेटी रिकामी करून एकदा उभी करावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी कायद्यात २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार असा दंड लिहिला आहे. एका फेरीचा नफा त्यात बुडतो.

वजन किती हे जसे महत्त्वाचे, तसेच ते कुठे ठेवले हेही. गावाकडच्या वडीलधाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. बैलगाडीत मागे जास्त भरले की गाडी उलाळ होते, दांडी वर उचलली जाते. ट्रेलरचेही तेच. भारी गठ्ठे चाकांच्या थोडे पुढे, तळाशी, दोन्ही बाजूंना सारखे लावावेत. ज्या देशांत घरोघरी ट्रेलर ओढतात तिथे एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा असा दंडक आहे. भार मागे गेला की वेग वाढताच ट्रेलर शेपूट हलवू लागतो आणि त्या हेलकाव्यात पुढची गाडीही फिरते. असे झाले तर करकचून ब्रेक मारू नये, स्टिअरिंगला झटके देऊ नयेत. स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सावकाश काढावा. बंद पेटीला वारा उघड्या गाडीपेक्षा जास्त लागतो, पुलावर आणि मोठा ट्रक शेजारून गेला की ते जाणवते. छोट्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर सगळे ओझे पिकअपच्या ब्रेकवर येते. पुण्याकडून महाडला ताम्हिणी किंवा वरंध घाटाने उतरणाऱ्यांनी चढाला लागणाऱ्या गिअरमध्येच उतरावे आणि पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवावे. पिन निसटलीच तर पेटी सुटून जाऊ नये म्हणून हुकाखालून दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन बांधाव्यात. निघाल्यावर वीसेक किलोमीटरवर थांबून चाकांच्या मध्याजवळ हात न्यावा. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच गरम लागली तर बेअरिंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणि आता नावाचा प्रश्न. आमच्या पाहण्यात जुन्या गाड्यांच्या व्यवहारात सर्वांत जास्त घोटाळा इंजिनात नाही, इथे होतो. पैसे दिले, शंभराच्या स्टँपवर लिहून घेतले, सह्या केलेले कोरे फॉर्म खिशात घातले आणि गाडी तीन वर्षे जुन्या मालकाच्याच नावावर चालवली, अशी किती तरी उदाहरणे वस्त्यावस्त्यांत सापडतील. कायद्याच्या दृष्टीने आरसीवर ज्याचे नाव तो मालक. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती विकली गेली होती, पण आरसीवर पहिल्याचेच नाव राहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदलेल्या मालकावरच टाकली. म्हणजे विकणाऱ्याच्याही गळ्याशी येते. घेणाऱ्याचे तर उघडच आहे. गाडी जप्त झाली, चोरीला गेली, किंवा जुन्या मालकाच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलांनी हक्क सांगितला, तर आपल्या हातात फक्त स्टँपचा कागद.

म्हणून फॉर्म २९ आणि फॉर्म ३० पैशांबरोबरच व्हावेत. एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. आरसीवर बँकेचा किंवा पतपेढीचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि कर्ज फिटल्याचे पत्र आधी, पैसे नंतर. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र हवे. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यावी आणि आरसीशी एकेक आकडा ताडून पाहावा. जुने चलन थकले आहे का हे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नंबर टाकून दिसते, शाळेत जाणारी मुलेही ते पाहून देतात. विमा आपल्या नावावर करण्यासाठी विमा कंपनीला १४ दिवसांत कळवावे. फिटनेसच्या दाखल्याची मुदत संपली असेल तर तो विकणाऱ्याने काढून द्यावा, म्हणजे गाडी तपासणीत टिकते की नाही तेही कळते.

घरात आणखी एक बोलणे व्हायला हवे, आणि ते टाळले जाते. बचतगटाचे कर्ज ताईच्या नावावर, हप्ते ताई भरणार, पुस्तकांचे गठ्ठे ताई बांधणार, आणि आरसीवर नाव मात्र दादांचे! का? गाडी चालवायला मालक असावे लागत नाही, लायसन्स असावे लागते. ज्या बाईच्या पैशाने पेटी आली तिचे नाव आरसीवर लागले तर ड्रायव्हिंग सीटवर दादा बसायला काहीच अडचण नाही. २०२१ पासून आरसीवर वारस म्हणून नामनिर्देशन करण्याचीही सोय झाली आहे. मालक एक आणि नामनिर्देशित दुसरा अशी दोघांची नावे लावून घ्यावीत. भावाभावांनी मिळून पैसे घातले असतील तर कुणाचे किती, दुरुस्ती कुणी करायची, आणि एकाला बाहेर पडायचे झाले तर त्याचा वाटा कसा द्यायचा, हे गाडी दारात येण्याआधी वहीत लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. नंतर लिहायला बसले की प्रत्येकाची आठवण वेगळी निघते.

कागद हाती आल्यावर पहिली फेरी रिकाम्या मैदानात काढावी, रविवारच्या सकाळी. मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे वळवले की ट्रेलर उजवीकडे जातो. हाताला हे वळण बसायला वेळ लागतो आणि यात्रेच्या गर्दीत ते शिकता येत नाही. मागे एकाने उभे राहून हात दाखवावा, पण दोन चाकांमागे उभे राहू नये. जागेवर पोहोचून पिकअप सोडवण्याआधी दोन्ही चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे लावावेत, दांडीखाली टेकू द्यावा आणि पेटीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांखालीही जॅक किंवा भक्कम ठोकळे द्यावेत. हे विसरून मागच्या दारातून दोन माणसे एकदम आत चढली की दांडी वर उचलते आणि पेटी मागे बसते. स्टॉलवर लहान मुले असतात, ती दारातच चढउतर करीत राहतात.