दिल्लीची कमला म्हणते, मी ग्रह आहे!

अंतराळकथेची नायिका म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर स्पेससूट घातलेली तरुणी येते ना? मग दिल्लीच्या कमलाला भेटा. संसारात मुरलेली गृहिणी. एक दिवस ती नवऱ्याला, निवृत्त सरकारी अधिकारी रामनाथ मिश्रांना, सांगते की ती बाई नाही, ग्रह आहे! मिश्राजींना काळजी कसली, तर लोक काय म्हणतील! (ओळखीचं वाटतंय?) सगळी गोष्ट त्यांच्याच नजरेतून घडते. कमलाच्या मनातलं आपणच ओळखायचं.

लेखिका वंदना सिंग दिल्लीत वाढल्या, पुढे अमेरिकेत भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. ‘द वूमन हू थॉट शी वॉज अ प्लॅनेट’ हा त्यांचा इंग्रजी कथासंग्रह २००८ मध्ये दिल्लीच्या ‘झुबान’ने काढला.

त्याच वर्षी त्यांची ‘डिस्टन्सेस’ ही छोटी कादंबरीही आली. तिची नायिका अनसूया समुद्राजवळच्या लोकांतली, पण राहते वाळवंटातल्या शहरात आणि सोडवते गणितं. परग्रहावरून पाहुणे येतात, तेही गणित घेऊनच! मी बीए इंग्लिशवाली, गणिताला दचकणारी, तरी अनसूयेने मला धरून ठेवलं.

सुरुवात मात्र कमलापासून करा, एका बैठकीत संपते. जमलं तर आईला वाचून दाखवा. मिश्राजींची फजिती तिला तुमच्याआधी कळेल.