मुहूर्त पंचांगाचा, वेळ उजेडाची

रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यात मे महिन्यातलं लग्न म्हणजे दारातला मांडव, मुंबईहून सुट्टी काढून आलेले चाकरमानी आणि पत्रिकेवर छापलेला साडेबाराच्या आसपासचा मुहूर्त. वऱ्हाडाच्या जेवणासाठी ही वेळ सोयीची. फोटोसाठी मात्र दिवसातली सगळ्यात अवघड.

कारण आकाशात आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते आणि रत्नागिरी ७३.३ अंशांवर आहे. त्यामुळे इथे सूर्य घड्याळाच्या सरासरी ३७ मिनिटं मागे चालतो. बारा वाजून गेले तरी खरी दुपार अजून व्हायची असते. दिवसाच्या ऐन मध्यावर येणारा अभिजित मुहूर्त इथे मे महिन्यात साधारण बारा ते एकच्या दरम्यान पडतो. त्यात रत्नागिरीचा अक्षांश जेमतेम १७, म्हणून मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. अशा उन्हात अंगणात उभ्या केलेल्या नवरीचं कपाळ चकाकतं आणि डोळे काळोखात जातात. मांडवाच्या आत वेगळी अडचण. बाहेरचं अंगण पांढरंफेक दिसतं आणि वधूवरांचे चेहरे काळवंडतात. वर लाल-निळं कापड ताणलेलं असेल तर तोच रंग शालूवर आणि चेहऱ्यावर उतरतो. नंतर संगणकावर तो पूर्ण निघत नाही. मांडववाल्याला आगाऊ सांगून किमान बोहल्यावरचं छत पांढरं घ्यावं. खर्च फारसा वाढत नाही, फरक मात्र प्रत्येक फोटोत दिसतो.

मुहूर्त हलवता येत नाही आणि हलवायची गरजही नाही. बाकीचा दिवस त्याच्याभोवती नीट रचला की पुरे. त्यासाठी लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी भटजी, फोटोग्राफर आणि घरातलं एक जाणतं माणूस यांनी एकत्र बसावं. बहुतेक घरांत ही बैठक होतच नाही. फोटोग्राफरला मुहूर्ताची वेळ कळते, पण पुण्याहवाचन किती वाजता, गौरीहर कुठल्या खोलीत, लाजाहोम जेवणाआधी की नंतर, हे त्याला त्या दिवशी विचारत फिरावं लागतं.

मुहूर्त १२ वाजून २७ मिनिटांचा धरू आणि उलटं मोजत येऊ. नवरी गौरीहरापाशी अकराला बसायची असेल, तर घरच्यांचे फोटो साडेनऊ ते साडेदहा या तासातच होतात. म्हणजे नऊवारी, दागिने, अंबाडा, गजरे हे सगळं साडेनऊला पूर्ण हवं. त्याला दोन-अडीच तास लागतात, म्हणून तयारी सातलाच सुरू व्हावी. सकाळचा हा एक तास सोन्यासारखा जपावा. ऊन अजून तिरपं असतं आणि आजी-आजोबा थकलेले नसतात. कोकणातल्या कौलारू घराची पडवी म्हणजे तर फुकटचा स्टुडिओच. वर छप्पर, समोर उघडं अंगण, त्यामुळे चेहऱ्यावर मऊ उजेड येतो. आजीच्या शेजारी बसलेली नात तिथे जशी दिसते, तशी स्टेजवरच्या दिव्यांत दिसत नाही. वधूवरांचे एकत्र फोटो मात्र इतक्यात नकोत. अंतरपाट दूर होताना दोघांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते पहिलंच पाहणं असेल तर अधिक खरं येतं. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा हवा, कारण एका बाजूने दुसऱ्याचा चेहरा दिसतच नाही.

अक्षता पडल्या की सगळे पंगतीकडे वळतात, आणि खरी हानी इथे होते. फोटोग्राफरला आहेराच्या रांगेसाठी बोलावतात. चारशे पाहुणे चार-चारच्या गटात आले आणि प्रत्येक गटाला अर्धं मिनिट लागलं, तरी पन्नास मिनिटं जातात. तेवढ्यात होमापाशी विधी उरकून जातात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे, सप्तपदी जिथे रूढीचा भाग आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. त्या सात पावलांचा एकही धड फोटो अल्बममध्ये नसावा, ही चुटपुट लागणारी गोष्ट आहे. लाजाहोम, सप्तपदी आणि कानपिळी होईपर्यंत आहेराची रांग थांबवावी. पाहुणे तोवर जेवतात, कुणाचा खोळंबा होत नाही. दोन फोटोग्राफर असतील तर त्यांना आळीपाळीने पंगतीला बसवावं. सकाळपासून उभा असलेला माणूस उपाशी ठेवून चांगलं काम होत नाही.

गोरज मुहूर्ताचं लग्न असेल तर चित्र पालटतं. मावळतीचा तांबूस, तिरपा उजेड कॅमेऱ्याला सगळ्यात आवडता. पण तो फार टिकत नाही. रत्नागिरीत मेच्या मध्यावर सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला सहाला, आणि त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार दाटतो. हिवाळ्यात वऱ्हाड अर्धा तास उशिरा आलं तर सगळं विजेच्या दिव्यांवरच उरतं. भाट्याच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताचे फोटो हवे असतील तर ते लग्नाच्या दिवशी घुसवू नयेत. मिरजोळ्याहून शहर ओलांडून जायचं, यायचं, त्यात नऊवारीत वाळू. त्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवावी.

ड्रोनची हौस असेल तर मिरजोळेकरांनी आधी नकाशा पाहावा. तटरक्षक दलाचा विमानतळ इथल्या औद्योगिक वसाहतीच्या जवळच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या जवळचा भाग लाल किंवा पिवळ्या क्षेत्रात येतो, तिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा क्षेत्र कोणतं ते दाखवतो. हे वरात निघताना आठवून उपयोग नाही.

राहता राहिला गृहप्रवेश. नवऱ्याचं घर लांजा किंवा संगमेश्वरकडे असेल, तर एका फोटोग्राफरने पाठवणीचे फोटो आटोपून वरातीच्या गाडीआधीच निघावं. सासू औक्षणाचं तबक घेऊन उंबऱ्याच्या आत उभी असते, त्यामुळे माप ओलांडणाऱ्या सुनेचा चेहरा फक्त घरातूनच टिपता येतो. मागून पोचलेल्याला पाठमोऱ्या बायकांचे अंबाडे तेवढे मिळतात.