जिल्हा कळतो, बगिचा कळत नाही

फेब्रुवारीतली गारपीट मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्यात संत्र्याच्या दोन हंगामांवर एकदम उतरते. मृग बहाराची फळं तोडणीला आलेली असतात. शेजारच्या बगिच्यात आंबिया बहाराचा फुलोरा नाहीतर नुकती धरलेली इवली फळं. पंधरा मिनिटांच्या गारांनी एकाचा आलेला पैसा जातो, दुसऱ्याचा येणारा. या पट्ट्याला इशारा कोण देतं आणि तो ठरतो कसा, ते बघून लिहा, असं संपादकांचं म्हणणं होतं.

हवामान खातं १८७५ सालचं. नागपूरच्या प्रादेशिक केंद्राकडे विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येतात. मध्य प्रदेशाचे जिल्हावार इशारे मात्र भोपाळहून निघतात. आता गारांचे ढग कशाने उभे राहतात ते. युरोप-अमेरिकेच्या नकाशांवर थंड हवेची आघाडी निळ्या दातेरी रेषेने दाखवतात. जड, गार हवा पाचरीसारखी उबदार हवेखाली शिरते, तिला वर ढकलते आणि त्या रेषेवर वादळी ढग उभे राहतात. सातपुड्यापर्यंत इतकी ठळक रेषा सहसा येत नाही. इथे काम करतो तो पश्चिमी झंझावात. त्याच्यामुळे वरच्या थरात थंडावा येतो, खाली बंगालच्या उपसागरावरचे दमट वारे पोचतात, वायव्येचे कोरडे वारे त्यांना भिडतात. नागपूरहून सकाळ-संध्याकाळ फुगा सोडतात. त्याला टांगलेलं यंत्र वर जाताना तापमान, आर्द्रता कळवत जातं. शून्य अंशाचा थर किती उंचीवर आहे, हे त्यातून समजतं. तो खाली असला की गारांना वितळायला वाट कमी उरते.

मला खरं अडकवलं ते रडारने. नागपूरचं डॉप्लर रडार दहा सेंटीमीटर लांबीच्या लहरी सोडतं आणि थेंबांवरून, गारांवरून परत आलेला प्रतिध्वनी मोजतं. त्याची ताकद ५५ डीबीझेडच्या पुढे गेली की अंदाजकाराला गारांची शंका येते. पण लहर जवळपास सरळ जाते आणि पृथ्वी खाली वळत राहते. पांढुर्णा नागपूरपासून सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर. अर्ध्या अंशाने वर रोखलेला किरण तिथे पोचेपर्यंत किलोमीटरभर उंच गेलेला असतो. भोपाळ २०० किलोमीटरहून लांब, तिथून निघालेला तसाच किरण चार किलोमीटरच्याही वरून जातो. म्हणजे इशाऱ्यावर नाव भोपाळचं, पण ढगाचं पोट दिसतं ते नागपुरातून. राज्याची सीमा ढगाला नाही, तशी रडारलाही नाही.

इथपर्यंत सगळं कौतुकाचं. अडचण पुढे आहे. तातडीचा इशारा तीन तासांचा आणि जिल्ह्यापुरता असतो. २०२३ मध्ये पांढुर्णा छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला, त्याचा इथे फायदाच झाला. पूर्वी तामियाच्या डोंगरापासून सौंसरपर्यंत एकच नाव चालायचं. तरीही गारांचा पट्टा काही किलोमीटर रुंदीचा असतो आणि एकटा ढग तासाभरात उभा राहून विरतो. एका गावात पानं झडून सडा पडतो, शेजारच्या गावात नुसतं आभाळ येऊन जातं. वाचलेल्या गावाला पुढचा इशारा खोटाच वाटतो.

शिवाय इशारा मिळाल्यावर करायचं काय? जनावरं गोठ्यात घेता येतात, तोडलेली फळं ताडपत्रीखाली जातात. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे. ते पाहून माणसं झाडाखालून निघू शकतात. फुलोरा कुठे नेणार? गाररोधक जाळी असते, पण वाढलेल्या संत्र्याच्या अख्ख्या बगिच्यावर ती ताणायची तर खांब-तारांचा खर्च लहान शेतकऱ्याला झेपत नाही.

मग करता येण्यासारखं एक स्वस्त काम उरतं. रडारला हवेतली गार दिसते, जमिनीवर पडलेली नाही. पटवाऱ्याचा पंचनामा होतो तो नुकसानीचा, भरपाईसाठी. किती वाजता, कोणत्या शिवारात, बोराएवढी की लिंबाएवढी, ही नोंद गावागावातून त्याच दिवशी अंदाजकाराकडे गेली, तर ५५चा आकडा या मातीत कितपत खरा ठरतो ते तपासता येईल. त्याला नवं यंत्र लागत नाही. फोन प्रत्येक बगिच्यात आहे.