कर्मविचार (लेखांक ५) : सावडीचे शेत आणि कर्माचे फळ

माणूस जे करतो त्याचे फळ त्याला भोगावे लागते, हे कर्मसिद्धान्ताचे मूळ म्हणणे. भारतातल्या तीन मोठ्या परंपरांनी ते तीन अंगांनी मांडले आहे. बृहदारण्यक उपनिषदात आर्तभागाच्या प्रश्नाला उत्तर देताना याज्ञवल्क्य त्याला सभेतून बाजूला नेतो आणि पुण्यकर्माने माणूस चांगला होतो, पापकर्माने वाईट होतो, असे सांगतो. जैन दर्शनात कर्म हे अतिसूक्ष्म द्रव्य आहे, ते राग-द्वेषामुळे जीवाला चिकटते. बुद्धाने भर दिला तो चेतनेवर, म्हणजे कृतीमागच्या हेतूवर. पुढे वेदान्ताने कर्माचे संचित (साठलेले), प्रारब्ध (फळू लागलेले) आणि क्रियमाण (आता घडत असलेले) असे तीन भाग पाडले. लोकमान्य टिळकांनी 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले आहे.

यातला पुनर्जन्माचा भाग श्रद्धेचा आहे. पण याच जन्मात, डोळ्यांदेखत, दुसऱ्याशी वागण्याचे फळ आपल्या आयुष्यात कसे उतरते हे तपासून पाहता येते. त्यासाठी पालघर जिल्ह्यातला जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ भाग फार उपयोगी आहे. तिथे हा व्यवहार शेताच्या बांधावर उघड चालतो.

आवणीचा दिवस

जव्हार तालुक्यातले जामसर आणि आसपासची गावे म्हणजे विखुरलेले पाडे. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी या आदिवासी समाजांची ही वस्ती. खोलगट जमिनीत भात, उतारावरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि शेतीचे गणित त्याच्यावर बसलेले असते.

उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा आणि गवत पसरून राब भाजतात. पाऊस लागला की त्या राबावर भाताचे बी पेरतात. साधारण तीन-साडेतीन आठवड्यांत रोप आवणीला येते आणि खरी घाई सुरू होते. रोप उपटायचे, त्याच्या मुठी बांधायच्या, खाचरात चिखल करायचा आणि पाण्यात वाकून एकेक चूड लावत मागे सरकायचे. रोप फार दिवस राबात राहिले तर पुढे फुटवे कमी येतात आणि पीक घटते. ज्या घरात कामाची माणसे दोनच आहेत, त्या घराला सगळी खाचरे वेळेत लावून होणे अशक्य असते. मजूर लावायचे तर हातात पैसा नसतो, कारण पावसाळा हा वर्षातला सर्वांत ओढग्रस्तीचा काळ.

या अडचणीवर महाराष्ट्रभरच्या शेतकऱ्यांनी शोधलेला उपाय म्हणजे सावड. आज पाच घरची माणसे एकाच्या शेतात, उद्या तीच दुसऱ्याच्या. दिवसाला दिवस, माणसाला माणूस. बैलजोडी घेऊन आलेल्याचा दिवस अर्थातच मोठा धरतात. मजुरी नसते, ज्याचे शेत त्याने जेवण घालायचे. देशावर इर्जिक म्हणतात ती याच कुळातली रीत, तिच्यात एका दिवसासाठी साऱ्या गावाला हाक घातली जाते.

सावडीचा हिशेब कागदावर नसतो, तरी तो कोणी विसरत नाही. जो दुसऱ्याच्या खाचरात उशिरा येतो, लवकर उठतो, किंवा आपली आवणी उरकली की फिरकतच नाही, त्याला पुढच्या वर्षी माणसे मिळत नाहीत. जो मन लावून काम करतो, त्याच्या घरी ऐन आवणीत कोणी तापाने पडले, तर परतफेडीची वाट न पाहता शेजारी त्याचे शेत लावून देतात. कर्माचे फळ परत येण्याची ही पहिली वाट : लोकांची आठवण.

जशास तसे, पण आधी चांगले

हाच नियम अभ्यासकांनी वेगळ्या मार्गाने पडताळला आहे. जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी 1971 मध्ये दाखवले की रक्ताचे नाते नसलेल्या जिवांमध्येही परस्परांच्या मदतीची सवय टिकू शकते, मात्र ते पुन्हा पुन्हा भेटत असले पाहिजेत. पुढे राजकीय अभ्यासक रॉबर्ट ॲक्सलरॉड यांनी संगणकावर एक स्पर्धा घेतली. सहकार्य करायचे की दगा द्यायचा, याचे अनेक डावपेच त्यांनी एकमेकांविरुद्ध खेळवले. ॲनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला सर्वांत साधा डावपेच जिंकला : सुरुवात सहकार्याने करायची, मग समोरचा जसा वागेल तसे वागायचे. दगा झाला तर त्याला तिथल्या तिथे उत्तर, आणि समोरचा सुधारला की जुने विसरून पुन्हा सहकार्य. 1984 मध्ये ॲक्सलरॉड यांनी यावर पुस्तक लिहिले.

या प्रयोगाचा मुख्य निष्कर्ष सावडीच्या अनुभवाशी तंतोतंत जुळतो. उद्या पुन्हा याच माणसाशी गाठ आहे, ही खात्री असली की चांगुलपणा फळतो. पाड्यावर ही खात्री पिढ्यान् पिढ्यांची असते.

माणसांपलीकडचा शेजार

या भागात देण्याघेण्याचे नाते माणसांपाशी थांबत नाही. वारली समाजात धान्य ही कणसरी देवी आहे आणि तिची गाथा घांगळी या वाद्याच्या साथीने गातात. धान्याची हेळसांड म्हणजे देवीचा अपमान. वाघदेवाची लाकडी किंवा दगडी ठाणी रानाच्या कडेला असतात आणि दिवाळीच्या सुमारास वाघबारशीला त्याची पूजा होते. मुंबई उपनगर, पालघर आणि ठाणे या भागांतल्या वाघोबाच्या ठाण्यांचा एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशी सुमारे दीडशे ठाणी नोंदवली आहेत. वाघोबाचा मान राखला तर तो गुराढोरांचे आणि माणसांचे रक्षण करतो, मान चुकला तर त्याचा कोप होतो, अशी ही समजूत. तिचा व्यवहारातला परिणाम मोलाचा आहे : बिबट्याच्या शेजारात राहणारी माणसे त्याला निव्वळ शत्रू मानत नाहीत. हाताबाहेरच्या शक्तीशीही मर्यादा राखून वागायचे, हे वळण त्यातून पडते.

हे वळण म्हणजेच फळाची दुसरी वाट. प्रत्येक कृती करणाऱ्याच्या मनावर ठसा उमटवते. भारतीय दर्शने त्याला संस्कार म्हणतात. दुसऱ्याला फसवणारा माणूस हळूहळू सगळ्यांकडेच संशयाने पाहू लागतो. त्याला सजा कोणी दिली नाही, तरी त्याने विश्वासाने जगण्याचे सुख गमावलेले असते. हे फळ मिळायला कोणी साक्षीदारही लागत नाही.

वाट कुठे अडते

फळ परत येण्याचा हा नियम बरोबरीच्या माणसांत चालतो. एकाच्या हातात जमीन, पैसा आणि काठी असली, की हा नियम अडतो. याच जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी पट्ट्यात जमीनदारांनी वारल्यांकडून वेठ घेतली. लग्नासाठी थोडे कर्ज काढणारा तरुण बायकोसकट सावकाराच्या घरी राबत राही. त्याला लग्नगडी म्हणत. कष्ट करणाऱ्याच्या पदरी उपास आणि मारणाऱ्याच्या घरी भरलेली कणगी, असा तो उलटा हिशेब होता. तो आपोआप सरळ झाला नाही. 1945 पासून किसान सभेच्या झेंड्याखाली, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने वारली उभे राहिले तेव्हा वेठ मोडली. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात गोदावरीबाईंनी तो लढा नोंदवला आहे. वेठबिगारी देशभर रद्द करणारा कायदा 1976 मध्ये झाला.

आजही कापणी-झोडणी उरकली की जव्हार-मोखाड्यातली अनेक कुटुंबे भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. तिथे उचल देणारा मुकादम आणि ती फेडणारा मजूर यांच्यात सावड नसते. म्हणून न्यायाचे फळ यायला तिथे कायदा, संघटना आणि जागे शासन लागते. माणसे मिळून जी व्यवस्था घडवतात तिचे फळ सगळ्यांना भोगावे लागते, ही तिसरी वाट.

सिद्धान्ताचा गैरवापर

कर्मसिद्धान्ताचा सर्वांत घातक उपयोग म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून ‘त्याचे कर्म’ म्हणणे. जन्माने आलेली हीनता पूर्वकर्माच्या नावावर खपवण्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ठाम विरोध केला. 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या बुद्धविषयक ग्रंथात त्यांनी बुद्धाचा कर्मविचार या समजुतीपासून वेगळा काढला.

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत 1992-93 मध्ये शंभरहून अधिक बालके कुपोषणाने आणि त्यातून बळावलेल्या आजारांनी दगावली. त्या तान्ह्या मुलांनी काय केले होते? त्यांच्या मृत्यूची कारणे रिकामी कणगी, अशक्त माता, रस्त्यांचा आणि दवाखान्यांचा अभाव ही होती. ती माणसांच्या हातातली होती. पुढे असे मृत्यू टाळण्यासाठी शासनाची नवसंजीवन योजना आली. 2015 पासून अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम, पूर्ण जेवण मिळू लागले. एका आईच्या ताटातली भाकरी, भात, डाळ, भाजी आणि अंडे हे समाजाचे क्रियमाण कर्मच आहे आणि त्याचे फळ पुढच्या पिढीच्या अंगी लागते.

कर्मसिद्धान्त लावायचा तो स्वतःला. आपण काय केले आणि आता काय करायचे, एवढाच त्याचा योग्य प्रश्न. दुसऱ्याच्या वाट्याला आलेल्या दुःखाबाबत त्याचे उत्तर एकच आहे : शेजाऱ्याची आवणी राहिली असेल, तर त्याच्या खाचरात उतरावे.